खाटेखालचं खोकं

ताई गाडी चालवायला शिकवायची. शहरात ड्रायव्हिंग स्कूलं पुष्कळ होती, पण ज्यांना स्टिअरिंग हातात घेतलं की घाम फुटायचा, अशी माणसं हटकून तिच्याकडे यायची. ती शेजारच्या सीटवर बसायची, पायाखाली तिच्यासाठी वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच, आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू. "आरसा शोभेला नाही लावलेला." "गियर आहे तो, जात्याचा खुंटा नव्हे." शिव्या खाऊनही माणसं तिच्याकडे टिकायची, कारण तिच्या गाडीत कुणाला कधी खरचटलं नव्हतं. तिच्या हाताखाली तीनदा नापास झालेला एकच विद्यार्थी होता. चौथ्यांदा परीक्षेला बसवण्यापेक्षा तिनं त्याच्याशी लग्नच करून टाकलं. तो बेकरीत भट्टीवर कामाला होता. गाडी त्याला शेवटपर्यंत आली नाही.

दुखणं सुरू झालं तेही क्लचवरच. डावा पाय वेळेवर दाबेना. तिनं आधी बुटाला दोष दिला, मग सीटला, मग वयाला. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा दोष द्यायला कुणी उरलं नाही. नसा एकेक करून सुकत जाणार होत्या. आधी पाय, मग हात, मग जीभ, मग श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख.

तिला एक धाकटा भाऊ होता. ती त्याला बारक्या म्हणायची; तो चाळिशीला टेकला तरी बारक्याच. चौकांतल्या सिग्नलच्या डब्यांमध्ये जे छोटे संगणक असतात, त्यांचे प्रोग्रॅम तो लिहायचा. लाल दिवा जरा जास्त वेळ राहिला की ताई गाडीतून त्याला फोन करायची. "तुझ्या कृपेनं आम्ही इथे म्हातारे होतोय, बारक्या. लवकर काहीतरी कर."

जीभ जड व्हायला लागली तेव्हा यंत्र आणण्याचं त्यानंच सुचवलं. यंत्राचे दोन भाग होते. एक स्क्रीन, तिच्या चेहऱ्यासमोर दांड्यावर बसवलेला. त्यातला कॅमेरा डोळ्यांच्या बाहुल्या कुठे वळतात ते बघायचा, आणि ती ज्या अक्षराकडे टक लावेल ते उमटवायचा. दुसरं एक काळं खोकं, खाटेखाली ठेवायचं. स्क्रीनवर वाक्य झालं की ते केबलमधून खोक्याकडे जायचं, आणि खोकं ते वाक्य बोलायचं. तेही तिच्याच आवाजात. त्यासाठी आधी खूप वाक्यं वाचून नोंदवावी लागली. घरात शांतता मिळेना म्हणून ती गाडीत काचा बंद करून बसायची आणि वाचायची. नेमून दिलेली वाक्यं संपली तरी थांबली नाही. माणसांवर ओरडायची वाक्यंही तिनं भरून ठेवली. "पुढे उपयोगी पडतील," म्हणाली.

आणि पडलीही. गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवल्यानंतर दोन वर्षं ती खाटेवरून घर चालवत होती. भाऊजी भट्टीवरून दुपारी परत आले की खाटेखालून आवाज यायचा, "अंगणात पीठ झाडून ये, मग आत ये." माणूस ऐकायचा आणि खरंच बाहेर जाऊन कपडे झाडून यायचा.

मग एका सकाळी वीज गेली. गेली त्याचं काही नाही, पण आली ती अशी उसळून आली की गल्लीतल्या दोन घरांचे फ्रीज उडाले. श्वासाच्या यंत्राला बॅटरी होती, ते वाचलं. बोलायच्या खोक्याला नव्हती. त्यातून करपल्याचा वास आला आणि ताई मुकी झाली.

यंत्र बनवणारी कंपनी आदल्याच वर्षी बंद पडली होती. तिच्या नंबरावर फोन लावला तर आता गाद्यांचं दुकान लागायचं. रुग्णालयानं तात्पुरतं म्हणून दुसरं यंत्र पाठवलं. ते चांगलं चालायचं, पण त्यातून कुणा परक्या बाईचा गोड, शिकवलेला आवाज यायचा. ताईनं त्यावर एकच वाक्य लिहिलं, आणि ते त्या गोड आवाजानंच सगळ्यांना ऐकवलं: "ही कोण बया माझ्या घरात?" त्यानंतर तिनं त्या स्क्रीनकडे बघणं सोडलं. भाऊजींनी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. रुग्णालयाची माणसं यंत्र परत घेऊन गेली, रांगेत दुसरे होतेच.

राहिला तो अक्षरांचा फळा. पारदर्शक प्लास्टिकचा, त्यावर क-च-ट-त-प च्या ओळी. समोरच्यानं तो मध्ये धरायचा, ती कुठे बघते ते पलीकडून ताडायचं, अक्षर मोठ्यानं म्हणायचं. बरोबर असेल तर ती वर बघायची. चूक असेल तर डोळे मिटायची. काना-मात्रांना फळ्यावर जागा नव्हती. ती नुसती अक्षरं द्यायची, बाकीचं आपण भरायचं. हे काम सावकाशीचं होतं, आणि सावकाशी धाकट्याच्या अंगात नव्हती.

"फळा-बिळा राहू दे," तो तिच्या खाटेशी वाकून म्हणाला. "तुझाच आवाज परत आणतो. थोडा दम धर."

ताईनं वर बघितलं. हो.

आठवड्याची रजा टाकून तो तिच्याच घरी येऊन राहिला. खोकं उघडलं. आतला मुख्य बोर्ड जळून गेला होता, पण ज्या छोट्या कार्डावर तिचा आवाज होता ते कार्ड शाबूत निघालं. आवाजाच्या फायली त्या बुडालेल्या कंपनीच्या प्रोग्रॅमशिवाय कुणाला वाचता यायच्या नाहीत, तेव्हा खोकंच जिवंत करणं भाग होतं. जुन्या सामानाच्या बाजारातून त्यानं त्याच जातीचा बोर्ड शोधून आणला, कार्ड त्यात घातलं, आणि खोकं सुरू झालं. पंखा फिरला, दिवा लागला. त्या संध्याकाळी भाऊजींनी बेकरीतून केक आणला.

पण खोकं बोलेना, कारण स्क्रीन आणि खोकं एकमेकांना ओळखेनात.

अशा यंत्रांना बाहेरच्या जगाकडे उघडणारं एक दार असतं, त्याला इंटरफेस म्हणतात. दाराला एक नाव असतं, त्यावर पत्ता लावायचा असतो, आणि मग ते उघडायचं असतं. साध्या संगणकावर हे एका आज्ञेचं काम. या खोक्यात मात्र कंपनीनं गरजेपुरतंच सामान ठेवलं होतं. पत्ता लावायची आज्ञाच नव्हती. कंपनीचा जो प्रोग्रॅम हे काम करायचा, तो जुन्या बोर्डाशी बांधलेला, नव्यावर नुसता उठून मरायचा. उरला एकच रस्ता: स्वतः छोटा प्रोग्रॅम लिहायचा, खोक्यात उतरवायचा, आणि थेट कर्नलशी, म्हणजे सगळ्या यंत्राचा कारभार बघणाऱ्या त्या सगळ्यात खालच्या थराशी बोलायचं. एक सॉकेट, म्हणजे बोलायची खिडकी, उघडायचा, दाराचं नाव आणि पत्ता ठरलेल्या साच्यात बरोबर जागी भरायचा, आणि तो साचा सिस्टीम कॉलनं, म्हणजे कर्नलला घातलेल्या ठरावीक हाकेनं, त्याच्या हातात ठेवायचा. कर्नल मोघम ऐकून घेत नाही. एक बाइट इकडचा तिकडे झाला तर तो एक आकडा परत करतो, त्या आकड्याचा अर्थ काय तो तुम्ही शोधा.

धाकट्यानं खाटेशेजारी जमिनीवर बैठक मारली. लॅपटॉप मांडीवर, एक वायर खोक्यात. पहिलं उत्तर आलं: परवानगी नाही. मालकाच्या हक्कानं आत शिरायची वाट शोधण्यातच एक दिवस गेला. मग उत्तर आलं: असं उपकरण नाही.

"काय म्हणतंय?" भाऊजींनी विचारलं. ते दारात चहाचा कप धरून उभे होते.

"दारच नाही म्हणतंय."

"आणि आहे?"

"आहे हो. डोळ्यांना दिसतंय. पण मी ज्या नावानं हाक मारतोय त्या नावाचं नाही."

"मग नाव विचार ना त्याला."

"तेच करतोय."

नव्या बोर्डावर दाराचं नाव वेगळं होतं. असलेल्या सगळ्या दारांची नावं कर्नलकडून मागवून घेणारा दुसरा कॉल त्यानं लिहिला, खरं नाव सापडलं, पत्ता लागला. दार उघडल्याची खूण उमटली. तरी स्क्रीन ढिम्म. सिग्नलच्या डब्यांवर त्यानं हे सगळं शंभरदा केलं होतं, पण तिथे हाताशी माणसं होती, कागदपत्रं होती, आणि चुकलं तर चौकात एक पोलीस उभा राहायचा. इथे चुकलं की डोक्यावर, हातभर अंतरावर, श्वासाच्या यंत्राचा तोच तो उसासा.

रजा वाढवली. तो जमिनीवरच जेवायचा, जेवताना डावा हात कळफलकावर. सकाळी येणारी परिचारिका ताईला कुशीवर वळवताना त्याचे पाय ओलांडून जायची. भाऊजी भट्टीवरून आले की हातपाय धुऊन फळा घेऊन बसायचे. त्यांना ते जमायचं. चौथ्यांदा नापास होण्याच्या तयारीनं बसलेल्या माणसाला घाई नसते. फळ्याच्या पलीकडून ते एकेक अक्षर म्हणायचे, आणि कधीकधी दोघं हसायचे, म्हणजे भाऊजी हसायचे आणि ताई वर बघायची. धाकट्याला खालून नुसतं हसू ऐकू यायचं.

"जरा तू धर की फळा," भाऊजी एकदा म्हणाले. "तिला तुझ्याशी बोलायचंय."

"दोन दिवस थांबा भाऊजी, मग स्वतःच बोलेल. तिचं तोंड आवरेनासं होईल तुम्हाला."

"तिचे डोळे जड व्हायला लागलेत. डॉक्टर म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. म्हणून तर घाई आहे."

डॉक्टर म्हणाले होते की या दुखण्यात बहुतेकांचे डोळे शेवटपर्यंत साथ देतात, पण सगळ्यांचे नाही.

त्या दुपारी भाऊजींना अंघोळीला जायचं होतं. त्यांनी फळा त्याच्या हातात कोंबला आणि गेले. धाकटा उठून खाटेवर वाकला. लॅपटॉप खाली, जमिनीवर, कॉलमागून कॉल करत होता. ताईची नजर फळ्यावरून अगदी हळू सरकली, चिखलातून चाक निघावं तशी.

"प? फ? ब."

वर. हो.

पुढचं अक्षर यायला फार वेळ लागला.

"श? ष? स?"

वर.

"ब, स. बस?" तो म्हणाला. "बास झालं? थकलीस का?"

तेवढ्यात खाली लॅपटॉपनं टिंग केलं. त्यानं मान वळवली. केबलमध्ये जीव आल्याची खूण दिसत होती, पहिल्यांदाच. एवढे दिवस एका ढिल्या खोबणीनं त्याला घोळात घेतलं होतं. त्यानं पुन्हा वर बघितलं तेव्हा ताईचे डोळे मिटलेले होते.

"झोप तू," तो म्हणाला. फळा टेबलावर ठेवला आणि खाली बसला.

भाऊजी डोकं पुसत बाहेर आले. "काय म्हणाली?"

"बास म्हणाली. दमली होती, झोपली."

भाऊजींनी खाटेकडे बघितलं. ताईचे डोळे उघडे होते.

"बास म्हणाली की बस म्हणाली?"

"म्हणजे?"

"बस. बैस इथे, माझ्यापाशी. काल मलाही तेच सांगत होती, बारक्याला बसव म्हणून."

"मी बसलोच तर होतो इथे."

"खाटेखाली बसला होतास रे," भाऊजी म्हणाले. रागानं नव्हे.

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की त्यानं तिला प्रश्न विचारला होता, आणि डोळे मिटणं म्हणजे नाही. थकलीस का? नाही. तिनं उत्तर दिलं होतं आणि तो वळून लॅपटॉपकडे बघत होता.

तो लगेच उठला. स्टूल ओढून बसला, फळा धरला. "बोल ताई. बसलोय." तिची नजर क च्या ओळीवर आली, तिथेच घुटमळली, आणि मग एका बाजूला घसरली. त्यानं खूप वेळ फळा धरून ठेवला, हात भरून आले तरी. भाऊजी म्हणाले, उद्या बघ, सकाळी तिला जरा हुशारी असते.

सकाळी नजर आणखी मंद होती. त्याच्या पुढच्या सकाळी ती वर जाईना. परिचारिकेनं टॉर्च दाखवला, बाहुली आखडली. प्रकाश कळत होता. पण डोळे कुणाकडे वळेनात. डॉक्टर येऊन गेले. दारात धाकट्यानं त्यांना अडवलं.

"तिला ऐकू येतंय ना?"

"येत असेल."

"असेल म्हणजे?"

"असेल म्हणजे असेल," डॉक्टर म्हणाले. "आता तिच्याकडून कळायला मार्ग नाही. तुम्ही येतंय असं धरून चाला."

धाकट्याला करण्यासारखं एकच काम माहीत होतं. तो पुन्हा जमिनीवर बसला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. खोक्याचं दार उघडं होतं, पत्ता बरोबर होता, केबलमध्ये जीव होता, तरी स्क्रीन खोक्याला ओळख देत नव्हता. शेवटी त्याच्या लक्षात आलं की स्क्रीन पत्त्यावर विश्वास ठेवतच नाही. तो जुन्या बोर्डाचा जन्मक्रमांक मागतो, जो कारखान्यातच प्रत्येक बोर्डाला मिळतो. तो क्रमांक जळालेल्या बोर्डाच्या चिकटपट्टीवर होता, आणि तो बोर्ड पहिल्या दिवसापासून धाकट्याच्या बॅगेत पडून होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आधी दार बंद करायचं, मग नव्या बोर्डावर जुना क्रमांक चढवायचा, मग दार पुन्हा उघडायचं. उघड्या दारावर कर्नल तो बदल करू देत नाही. चार ओळींचं काम होतं.

कर्नलनं शून्य परत केलं. शून्य म्हणजे झालं.

खाटेखालून ताईचा आवाज आला. सुरू होताना आवाज नीट आहे का ते तपासायला खोकं एक वाक्य म्हणायचं, ते तिनंच निवडलेलं होतं. "पट्टा बांधलास का? मग निघू."

भाऊजी भट्टीवरून नुकतेच आले होते. ते पिठानं माखलेल्या कपड्यांनिशी धावत आत आले आणि थेट तिच्या चेहऱ्याकडे बघत थांबले. त्यांना वाटलं, तिनं लिहिलं. ताई छताच्या एका कोपऱ्याकडे बघत होती, कालही बघत होती तसं. स्क्रीनवर कॅमेरा तिच्या बाहुल्या शोधत होता आणि पुन्हापुन्हा लिहीत होता की नजर सापडत नाही.

"बंद कर ते," भाऊजी म्हणाले.

त्यानं बंद केलं.

त्यानंतर तो पुन्हा कामावर जायला लागला. दुपारी लवकर निघायचा आणि थेट तिच्याकडे यायचा, स्टूलावर बसायचा. बोलायचा. ऑफिसातलं, बाजारातलं, तिच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोण रस्त्यात भेटलं ते. ज्याबद्दल बोलायला हवं होतं त्याबद्दल त्याला बोलता यायचं नाही. ती ऐकत असेल तर अडवू शकणार नाही, आणि ऐकत नसेल तर बोलून उपयोग नाही. एखादा प्रश्न तोंडून गेला की तो सवयीनं थांबायचा, तिच्या पापण्यांकडे बघायचा. मग पुढचं काहीतरी काढायचा. भाऊजी स्वयंपाकघरातून ऐकत असायचे. एकदा भांडी घासता घासता म्हणाले, "ती असती तर म्हणाली असती, किती बडबडतोयस." मग स्वतःचेच शब्द कानावर पडले तसा त्यांनी नळ बंद केला. ती होती की.

बऱ्याच दिवसांनी भाऊजींनीच विषय काढला. "ते खोकं चालतं का अजून?"

"चालायला हवं."

"लाव ना एकदा."

धाकट्यानं लावलं. "पट्टा बांधलास का? मग निघू," खोकं म्हणालं. स्क्रीनवर मदतनिसासाठी बोटानं लिहायची सोय होती, ती त्यानं उघडून दिली. भाऊजींनी हात पँटला पुसले. अक्षरं शोधत शोधत त्यांनी लिहिलं, आणि खाटेखालून ताई म्हणाली, "जेवलास का?"

"जेवलो," भाऊजी म्हणाले.

मग म्हणाले, "नको रे. मीच विचारायचं आणि मीच सांगायचं." आणि गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला निघून गेले.

धाकटा एकटा राहिला. स्क्रीन उघडाच होता. त्यानं बोटानं लिहिलं, सावकाश, काना-मात्रांसकट: बारक्या, मी रागावले नाही. बोलण्याचं बटण उजव्या कोपऱ्यात हिरवं दिसत होतं. एकदा दाबलं की झालं, शब्द तिच्याच आवाजात आले असते, तिच्या श्वासाच्या जागी श्वास घेऊन. खोकं ते म्हणालं असतं आणि ताई तिथेच पडून ते ऐकत राहिली असती, तिच्या तोंडी घातलेलं. खरंच रागावलेली असली तरी.

त्यानं मागून एकेक अक्षर पुसलं. खोक्याची वायर काढली.

तिला आता डोळेही मिटता येत नसल्यामुळे ते कोरडे पडू नयेत म्हणून दर थोड्या वेळानं औषधाचे थेंब घालावे लागत. त्याची वेळ झाली होती. त्यानं हात धुतले, बाटली घेतली, तिची खालची पापणी अलगद ओढून थेंब सोडला, वरची पापणी बोटानं मिटवून क्षणभर धरली. मग दुसऱ्या डोळ्याकडे वळला.